'सरासरी' आणि 'समाश्रयण' : दोन संज्ञांचा इतिहास

संख्याशास्त्राचे प्राथमिक पाठ्यपुस्तक हाती घेणारा विद्यार्थी प्रथम संज्ञांना सामोरा जातो. व्याख्या पाठ झाली म्हणजे संज्ञा समजली, असा त्याचा समज असतो. परंतु संज्ञा हा शब्दच असल्यामुळे पूर्वायुष्यातील अर्थाची छाया तिच्यामागे राहते, आणि केव्हा केव्हा ही छायाच विचाराला वाट चुकविते. दोन उदाहरणांवरून हे पाहू.

पहिले उदाहरण घरचे आहे. 'सरासरी' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'सरासर' म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यावरून वरवरचा, ढोबळ असा अर्थ निघाला. आजही आपण 'सरासरी अंदाज' म्हणतो तेव्हा ढोबळपणाच अभिप्रेत असतो. इंग्रजीतील 'ॲव्हरेज' मात्र सागरी व्यापारातून आला. जहाज वाचविण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान सर्व मालधन्यांनी आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात वाटून घ्यावयाचे, ही त्यामागील प्रथा होय. एका शब्दात ढोबळपणा आहे, तर दुसऱ्यात न्याय्य वाटणी. बेरजेला संख्येने भागण्याची क्रिया दुसऱ्या अर्थाला अधिक जवळची आहे, हे उघड आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. फ्रान्सिस गाल्टन याने वाटाण्याच्या एका जातीच्या बियांवर प्रयोग करून 1877 मध्ये 'रिव्हर्शन' ही संज्ञा योजिली. पुढे 205 दांपत्ये व त्यांची 928 प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास करून 1885–86 मध्ये त्याने 'रिग्रेशन' हा शब्द रूढ केला. मातापित्यांची मध्यम उंची सर्वसाधारण उंचीपासून जितकी दूर असेल, त्याच्या सुमारे दोनतृतीयांश अंतरावर अपत्यांची उंची येते, असे त्याला आढळले. अपत्य दूरच्या पूर्वजांचाही वारसा घेते, असे कारण त्याने दिले. शब्दातील 'मागे जाणे' या अर्थाला हे कारण साजेसे होते.

परंतु गणित निराळेच सांगते. अत्यंत उंच अपत्यांपासून आरंभ करून त्यांच्या मातापित्यांकडे वळले, तरी तेही मध्याकडे झुकलेले दिसतात. काळ मागे वाहत नसल्यामुळे येथे वारशाचे कारण लागू पडत नाही. दोन राशींतील सहसंबंध अपूर्ण असला की हे घडतेच. पिढ्यान्‌पिढ्या सर्व माणसे सारख्या उंचीची होत जातात, असे त्यातून मुळीच निष्पन्न होत नाही. 1897 मध्ये यूल याने ही कल्पना लघुतम वर्गांच्या पद्धतीशी जोडून आनुवंशिकतेच्या चौकटीबाहेर काढली. नाव मात्र जुनेच राहिले.

त्या नावाची किंमत 1933 मध्ये दिसून आली. होरेस सेक्रिस्ट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने अनेक व्यवसायांचे आकडे जमवून असे प्रतिपादन केले की, स्पर्धेमुळे उत्तम व निकृष्ट दोन्ही संस्था मध्यमपणाकडे जातात. हॅरोल्ड होटेलिंग याने परीक्षणात दाखवून दिले की, हा व्यवसायाचा नियम नसून आरंभीच्या वर्षातील यशावरून गट पाडण्याचा अपरिहार्य परिणाम आहे. वर्षानुवर्षांचे श्रम एका गैरसमजावर खर्ची पडले होते.

भारतीय भाषांत या संज्ञेसाठी 'प्रतिगमन' आणि 'समाश्रयण' असे दोन पर्याय आढळतात. पहिला गाल्टनच्या शब्दाशी प्रामाणिक आहे, आणि त्याबरोबर त्याची भूलही घेऊन येतो. दुसऱ्यात एक राशी दुसरीच्या आश्रयाने कशी बदलते, एवढेच सूचित होते. यूलनंतरच्या संकल्पनेशी तो अधिक जुळतो. परिभाषा घडविणाऱ्याने मूळ शब्दाचे भाषांतर करावे की संकल्पनेचे, या जुन्या वादात प्रस्तुत लेखकाचा कौल संकल्पनेच्या बाजूने आहे. मात्र 'समाश्रयण' शिकविताना गाल्टनची कथाही सांगावी. एरवी मूळ शब्दाबरोबर त्यातील चुकीचा धडाही विस्मृतीत जाईल, आणि ती चूक पुन्हा नव्याने करण्यास आपण मोकळे राहू.