२६/११च्या वायरलेस नोंदी कशा वाचायच्या?

संशोधनाची तयारी करताय ना? मग हा प्रश्न घ्या: २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत पोलिसांचा समन्वय कुठे तुटला? त्या रात्री आयुक्त हसन गफूर ट्रायडंटजवळ होते, नियंत्रण कक्षात राकेश मारिया. प्रधान समितीने गफूर यांच्या नेतृत्वावर बोट ठेवलं. शहीद अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकारात कॉलनोंदी मिळवल्या आणि २००९च्या पुस्तकात कक्षाच्या प्रतिसादावर प्रश्न उभे केले. मारियांनी आरोप फेटाळले.

अशा वादात लगेच बाजू घेऊ नका. आधी तक्ता करा: संदेश कधी आला, कुणाला पोचला, त्यावर काय झालं. हे तीन रकाने वेगळे ठेवा. नोंदींसाठीचा अर्ज विश्रांतवाडीत बसूनही करता येतो.