कपाटाला चिकटलेला चुंबक खाली का पडत नाही? सहावी-सातवीच्या मुलांसाठी चुंबक आणि घर्षणाची उजळणी

सत्र परीक्षा जवळ आली की संध्याकाळी घरोघरी पाठांतराचा आवाज सुरू होतो. 'सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण, विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण.' पोरं धडाधड म्हणून दाखवतात. मग त्यांना एक साधा प्रश्न विचारून बघा. लोखंडी कपाटाच्या दाराला चुंबक चिकटवला. चुंबक दाराला आडवा ओढतोय आणि त्याचं वजन त्याला खाली ओढतंय. मग तो खाली का घसरत नाही?

'चुंबक धरून ठेवतो म्हणून' हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. चुंबकाच्या ओढीमुळं तो दारावर घट्ट दाबला जातो. दोन पृष्ठभाग दाबले गेले की त्यांच्यात घर्षण तयार होतं आणि हे घर्षण त्याला खाली सरकू देत नाही. दाराला थोडं गोडेतेल चोळा आणि कमजोर चुंबक लावा, तो घसरायला लागेल. चुंबकाची ताकद तेवढीच आहे, कमी झालं ते घर्षण. पुस्तकात ही दोन बलं वेगवेगळी शिकवतात, पण या दारावर दोन्ही एकाच वेळी काम करतात.

दोघांतला मुख्य फरक असा. चुंबकीय बल न शिवता काम करतं. मधे कागद, काच, पाणी, कातडी काहीही असलं तरी चालतं. घर्षणाला मात्र शिवावंच लागतं. म्हणून पहिल्याला असंपर्क बल आणि दुसऱ्याला संपर्क बल म्हणतात.

चुंबकाला काय चिकटतं?

इथं सगळ्यात जास्त मार्क जातात. 'चुंबकाला धातू चिकटतात' असं पोरं बिनधास्त लिहितात. चिकटतात ते लोखंड, निकेल आणि कोबाल्ट, आणि त्यांच्यापासून बनलेले काही मिश्रधातू. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, चांदी, सोनं हे धातूच आहेत, पण चिकटत नाहीत. घरात चुंबक घेऊन फिरा. तवा चिकटेल, विळी चिकटेल, तांब्याचा हंडा चिकटणार नाही. स्टीलची भांडी मात्र फसवतात. काही चिकटतात, काही नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात. जी तळाला चिकटत नाहीत ती इंडक्शन शेगडीवर सहसा चालत नाहीत, हे बायकांना पोरांच्या आधी माहीत असतं.

चुंबकाचा जोर दोन्ही टोकांना, म्हणजे ध्रुवांजवळ, जास्त असतो. मधोमध जवळजवळ नसतो. मधून तोडला तर एक तुकडा नुसता उत्तर आणि दुसरा नुसता दक्षिण असं होत नाही. दोन्ही तुकड्यांना दोन-दोन ध्रुव येतात. एखादी पट्टी चुंबक आहे की साधं लोखंड, हे ओळखायला आकर्षण उपयोगाचं नाही, कारण साधं लोखंडही चुंबकाकडं ओढलं जातं. तिनं दुसऱ्या चुंबकाला ढकललं तरच ती चुंबक. 'प्रतिकर्षण हीच खरी कसोटी' याचा अर्थ हा.

घरी चुंबक करायचा तर शिवायची सुई घ्या. चुंबकाचं एक टोक सुईवर एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा घासा. परत येताना चुंबक उचलून आणायचा, मागं-पुढं घासायचा नाही. मग प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यावर एक सुकं पान ठेवा आणि पानावर सुई. सुई फिरून दक्षिणोत्तर थांबेल. टब लोखंडी पलंगावर ठेवू नका, नाहीतर सुई पलंगाची दिशा दाखवेल. अशी सुई तापवली किंवा सारखी आपटली तर तिचं चुंबकत्व जातं. लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापलं तर ते चुंबकाला नीट चिकटतही नाही.

सुई दक्षिणोत्तर थांबते कारण पृथ्वीच एक मोठा चुंबक आहे. हे १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज डॉक्टरनं पुस्तक लिहून मांडलं. इथं डोकं लावायची एक गोष्ट आहे. चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडं ओढला जातो आणि आकर्षण तर विजातीय ध्रुवांत असतं. म्हणजे पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळ आतल्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. हा प्रश्न तोंडी परीक्षेत नक्की विचारण्यासारखा.

पृथ्वीच्या या चुंबकत्वाची नोंद आपल्या राज्यातच अलिबागला घेतली जाते. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. पण मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यामुळं नोंदी बिघडणार होत्या. म्हणून नानाभाई मूस यांच्या पुढाकारानं अलिबागला लोखंड न वापरता वेधशाळा बांधली आणि १९०४ पासून तिथं नोंदी सुरू झाल्या. आधी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन जुळवून पाहिल्या. ट्रामच्या एका तारेसाठी अख्खी वेधशाळा हलली.

आपल्या काळ्या कातळातही चुंबकत्व आहे. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर आलेला आणि थंड झालेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. पावसाळ्यानंतर ओढ्यात वाळूवर काळसर रेघ दिसते, तिथं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. पिशवीला काळे कण मिशीसारखे उभे राहतात. चुंबक पिशवीतून काढला की ते गळून पडतात. पिशवी विसरलात तर कण निघता निघत नाहीत, हे स्वानुभवातून सांगतो.

मोटारीचा स्टार्टर गुरगुरतो तेव्हा

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची हलते. तारेचं वेटोळं करून मधे लोखंड ठेवलं की वीज असेपर्यंतच ते चुंबक राहतं. हा विद्युतचुंबक. विहिरीवरच्या स्टार्टरमधली कॉइल म्हणजे हाच. हिरवं बटण दाबलं की कॉइल चुंबक होऊन पट्ट्या ओढून धरते आणि मोटार चालू होते. लाइट गेली की चुंबकत्व संपतं आणि स्प्रिंग पट्ट्या सोडवते. म्हणूनच ऑटो नसेल तर लाइट आल्यावर मोटार आपोआप चालू होत नाही आणि रात्री दोनला उठून जावं लागतं. व्होल्टेज कमी असलं की चुंबकाला पट्ट्या घट्ट धरता येत नाहीत, त्या सारख्या सुटतात-चिकटतात आणि स्टार्टर गुरगुरतो.

मुलांनी हा प्रयोग खिळा, वेष्टनाची तांब्याची तार आणि टॉर्चचा एक सेल घेऊन करावा. तार लवकर तापते, म्हणून दोन-चार सेकंदच जोडायची. घरच्या प्लगला किंवा स्टार्टरला हात लावायचा नाही. स्टार्टर उघडणं हे मोठ्यांचं काम, तेही मेन स्विच बंद करून.

घर्षण : पोत्यापासून टायरपर्यंत

धान्याचं पोतं ओढून बघा. हलवायला जास्त जोर लागतो. एकदा हललं की पुढं ओढायला कमी पुरतो. पहिलं स्थितिक घर्षण, दुसरं गतिक. पोत्यावर अजून एक पोतं ठेवलं तर जोर साधारण दुप्पट लागतो, म्हणजे घर्षण दाबावर अवलंबून आहे. ते दोन्ही पृष्ठभाग कशाचे आहेत यावरही अवलंबून असतं. पण टेकलेल्या जागेवर नाही. वीट आडवी ओढा किंवा उभी करून ओढा, साधारण तेवढाच जोर लागतो. विश्वास बसत नसेल तर विटेला रबर बांधून ओढा आणि रबर किती ताणतो ते पट्टीनं मोजा. हे नियम १६९९ मध्ये फ्रान्सच्या आमाँताँ यांनी मांडले. चिखल आणि रबरी टायर यांना ते तंतोतंत लागू होत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

घासण्यापेक्षा गडगडण्यात घर्षण खूप कमी. एक टन वजनाची टायरगाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर ओढायला साधारण पंधरा-वीस किलो वजनाएवढा जोर पुरतो. तीच गाडी नांगरलेल्या भुसभुशीत रानात शिरली की दहापट लागू शकतो. बैल फडातून बाहेर पडताना का टेकीला येतात ते यातून कळतं. बेअरिंगमधले छर्रे घासण्याचं गडगडणं करतात आणि ग्रीस दोन लोखंडांच्या मधे पातळ थर धरून ठेवतं.

पण घर्षण नकोच असं म्हणून चालत नाही. ते नसतं तर पायही उचलता आला नसता आणि गाठही बसली नसती. ट्रॅक्टर चिखलात फिरतो तेव्हा मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, पुढं वजनं लावतात, ते घर्षण वाढावं म्हणूनच.

ऊस तोडणीच्या दिवसांत ही गोष्ट जिवावर येते. फडातून निघालेल्या टायरांची माती डांबरावर पडते, त्यावर दव किंवा पाऊस. कोरड्या डांबरावर ताशी ६० किलोमीटरच्या वेगातली मोटारसायकल ब्रेक लागल्यापासून साधारण वीस मीटरवर थांबते. चिखल-पाण्याच्या निसरड्या रस्त्यावर त्याच वेगाला पंचेचाळीस मीटरही लागू शकतात. ब्रेक, हात, माणूस तेच; टायर आणि रस्त्याच्या मधलं घर्षण निम्म्याहून कमी झालेलं असतं. टायरच्या खाचा पाणी बाजूला काढतात, गुळगुळीत टायरला ते जमत नाही.

जनावराच्या पोटातला चुंबक

गाय-म्हैस खाताना निवडत नाही, आधी गिळते आणि नंतर रवंथ करते. वैरणीच्या भाऱ्याची तार कडबाकुट्टीत गेली तर तिचे अणकुचीदार तुकडे होतात. बांधकामाचे खिळेही गोठ्यात येतात. हे तुकडे जनावराच्या दुसऱ्या, जाळीदार पोटात जाऊन बसतात. त्या पोटाच्या पुढं पडदा आणि त्यापलीकडं हृदय. पोट आकसतं तसं तार टोचत पुढं सरकते. आमची एक गाय अशीच गेली. आधी चारा सोडला, दूध एकदम तुटलं, पाठ वाकवून उभी राहायची आणि उताराला पाय टाकायला नको म्हणायची. आम्ही अपचन समजून चार दिवस घालवले. गळ्याखालच्या पोळीला सूज आली तेव्हा उशीर झाला होता.

यासाठी बोटाएवढा गुळगुळीत चुंबक मिळतो. जनावरांचे डॉक्टर तो तोंडावाटे देतात. तो त्या जाळीदार पोटात कायमचा राहतो आणि तारा-खिळे स्वतःला चिकटवून धरतो, टोचू देत नाही. गाईच्या पोटात आधीच चुंबक आहे का, हे डाव्या कोपराजवळ होकायंत्र धरून बघता येतं. कातडीतूनही सुई वळते. तार आधीच आरपार गेली असेल तर चुंबकाचा उपाय पुरत नाही, ऑपरेशन लागतं. आणि तांब्याची तार, काच किंवा प्लास्टिकची पिशवी पोटात गेली असेल तर या चुंबकाचा काहीच उपयोग नाही.