छोट्या लाईनीचा मालधक्का

गोंदिया जंक्शनच्या पुलावर उभे राहा. डोक्यावरच्या विजेच्या तारा नाहीशा होऊ द्या, भोंग्यावरची घोषणाही. साल १९०६, महिना एप्रिल. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात आहे. मुलूख मध्य प्रांताचा, लाईन बंगाल-नागपूर रेल्वेची.

पलीकडे उतरा. इथले रूळ जेमतेम अडीच फूट रुंदीचे. सातपुड्याची वळणं आणि चढ थोडक्या पैशांत काढायचे तर रूळ अरुंदच हवेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा मुलूख होरपळून निघाला, त्याला चार-पाच वर्षंही लोटत नाहीत तोच गाडी १९०३ साली नैनपूरला आणि १९०५ साली जबलपूरला पोचली.

नागपूर-हावडा लाईन मात्र साडेपाच फुटी. छोटीचा डबा मोठीवर चढत नाही. म्हणून जंगलातून आलेल्या प्रत्येक वस्तूला गोंदियाला माणसाची पाठ लागते.

मालधक्क्यावर या. हमाल गुडघ्यात वाकतो, दोघं जण पोतं उचलून त्याच्या पाठीवर देतात. दोन डब्यांमध्ये टाकलेली फळी त्याच्या पावलाखाली लवते. तो थांबत नाही. थांबला तर तोल जाईल. पोत्याला हात लावून बघा. मोहफुलं आहेत. ताग चिकट झालाय, बोटांना आंबूस-गोड वास राहतो. त्याच्यामागं पुढचा, त्याच्यामागं आणखी एक. बांबू, लाख, सागाचे ओंडके, धान्य, सगळ्याची हीच वाट. एवढ्या मोठ्या जंगलाचा व्यापार त्या फळीवरून गेला, हे मला रेल्वेच्या कुठल्याही पुलापेक्षा मोठं वाटतं.

आता सत्तर वर्षं पुढं या. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. बालाघाटची गाडी धापा टाकत आलीय. डब्यांतून पोवारी, झाडीबोली, हिंदी एकदमच खाली उतरते. आता माणसांचीही तीच गत: बोचकी डोक्यावर, पोर कडेवर, आणि नागपूरची गाडी सुटायच्या आत पूल ओलांडायचा. तुम्हीही पळा. मागची म्हातारी ओरडतेय, ‘बाप्पा, थांबा नं थोडं!’

गोंदिया-बालाघाटचे अरुंद रूळ या शतकाच्या पहिल्याच दशकात गेले. २०१५ मध्ये जबलपूरकडची छोटी लाईनही बंद पडली. मोठी लाईन हवीच होती. या पट्ट्यातल्या लोकांनी ती वर्षानुवर्षं मागितली आणि आज त्याच वाटेनं लांब पल्ल्याच्या गाड्या जबलपूरला जातात. पोतं आता मधेच उतरत नाही.

नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. छोट्या लाईनीची इंजिनं तिथं जपलीत, ते चांगलंच झालं. पण त्यांच्या शेजारी मालधक्क्याची एक फळी आणि हमालाचा लोखंडी आकडाही मांडायला हवा. गोंदियात ते धक्क्यावरचं काम केलेल्यांची मुलं-नातवंडं आहेत, त्यांना विचारायला अजून उशीर झालेला नाही.