योकास्टा

योकास्टा : ग्रीक पुराणकथांतील थीब्झची राणी, मेनिशियसची कन्या व क्रिऑनची बहीण. होमरच्या ‘ओडिसी’त (सर्ग ११) तिचे नाव एपिकास्टी असे येते.

पोटच्या मुलाच्या हातून मृत्यू येईल, या भविष्यवाणीला घाबरून तिचा पती राजा लायस याने नवजात मुलाचे घोटे टोचून त्याला डोंगरात टाकून देण्याचे ठरवले. हे काम ज्याच्याकडे सोपवले, त्या धनगराला दया आली व मूल कॉरिंथच्या राजवाड्यात वाढले. तोच इडिपस. त्याने तिठ्यावरच्या भांडणात लायसला न ओळखता मारले, स्फिंक्सचे कोडे सोडवून थीब्झचे राज्य मिळवले आणि विधवा राणीशी विवाह केला. इटिओक्लीझ, पॉलिनायसीझ, अँटिगनी व इझ्मेनी ही त्यांची अपत्ये.

सॉफोक्लीझच्या ‘इडिपस राजा’ या नाटकात (इ.स.पू. सु. ४२९) भविष्यवाण्या खोट्या ठरतात, हे पटवण्यासाठी योकास्टा लायसच्या मृत्यूची हकिकत सांगते. त्यातला तिठ्याचा उल्लेख ऐकताच इडिपस अस्वस्थ होतो. धीर द्यायला काढलेले शब्दच संशयाचे मूळ ठरतात. कॉरिंथच्या दूताच्या बोलण्यातून सत्य प्रथम तिला उमगते. चौकशी थांबवण्याची तिची विनवणी इडिपस झिडकारतो. ती आत जाऊन गळफास घेते. मूल आपल्या हाती तिनेच सोपवले होते, हे धनगराच्या जबानीत नंतर उघड होते. तिच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना उपसून इडिपस स्वतःचे डोळे फोडतो.

तिचा शेवट सर्वत्र एकसारखा नाही. युरिपिडीझच्या ‘फिनिशियन स्त्रिया’ नाटकात ती जिवंत राहते, मुलांत समेट घडवू पाहते आणि ते एकमेकांना मारून पडल्यावर तलवारीने जीव देते. सेनेकाच्या ‘इडिपस’मध्ये ती आपल्या उदरातच तलवार खुपसते.

फ्रॉइडच्या ‘इडिपस गंडा’मुळे आधुनिक काळात चर्चा मुलाचीच अधिक झाली. मार्था ग्रॅहम यांच्या ‘नाइट जर्नी’ (१९४७) या नृत्यनाट्यात मात्र कथा योकास्टाच्या स्मृतीतून उलगडते. मराठीत विंदा करंदीकरांनी ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) सिद्ध केले. त्यात कलाटणीचे उदाहरण म्हणून ‘इडिपस राजा’तील कॉरिंथच्या दूताचा प्रवेश येतो. पु. ल. देशपांडे यांनी सॉफोक्लीझचे नाटक ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) या नावाने मराठीत आणले.