क्रमवारीचे आकडे आणि फॉर्मची नाडी
२०२४ व २०२५ या दोन टेनिस मोसमांवर एक दृष्टिक्षेप

- क्रीडा प्रतिनिधी

टेनिसशौकिनांच्या गप्पांत ‘फॉर्म’ या शब्दाइतका सैलपणे वापरला जाणारा शब्द क्वचितच दुसरा असेल. खेळाडू जिंकला की तो फॉर्मात असतो आणि हरला की त्याचा फॉर्म हरपलेला असतो. जागतिक क्रमवारीचा तक्ता समोर ठेवून स्पर्धेपूर्वी भाकिते केली जातात आणि पहिल्याच आठवड्यात ती कोसळतात. मग ‘या खेळाचा काही नेम नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. वास्तविक क्रमवारी आणि फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतील अंतर समजून घेतल्यास अनेक ‘धक्कादायक’ निकाल तितकेसे धक्कादायक वाटत नाहीत. २०२४ आणि २०२५ हे दोन मोसम त्यासाठी उत्तम वस्तुपाठ आहेत.

क्रमवारी काय सांगते?

जागतिक क्रमवारी ही मागील ५२ आठवड्यांच्या कामगिरीची गोळाबेरीज असते. पुरुष एकेरीत ग्रँडस्लॅम विजेत्याला २००० गुण, उपविजेत्याला १३०० आणि उपांत्य फेरीतील पराभूताला ८०० गुण मिळतात. त्याखालोखालच्या मास्टर्स स्पर्धेच्या विजेत्याला १००० गुण लाभतात. वर्ष उलटले की हे गुण वजा होतात. म्हणजे क्रमवारी ही खेळाडूच्या गेल्या वर्षाची स्मृती आहे. आज त्याचा फोरहँड कसा बसतो आहे, हे ती सांगू शकत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीच्या यानिक सिनरचे. उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेशी झालेल्या तडजोडीनुसार तो फेब्रुवारी ते मे २०२५ असे तीन महिने कोर्टाबाहेर होता. या काळात त्याने एकही सामना खेळला नाही, तरीही तो अव्वल स्थानावर कायम राहिला. आधीच्या वर्षभराची पुंजी त्याच्या पाठीशी होती आणि प्रतिस्पर्ध्यांना ती ओलांडता आली नाही.

याउलट उदाहरण ऑक्टोबर २०२५ मधील शांघाय मास्टर्सचे. मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो तेव्हा जागतिक क्रमवारीत २०४ व्या स्थानावर होता. पात्रता फेरीतून आलेल्या या खेळाडूने उपांत्य फेरीत नोव्हाक जोकोविचला नमवले आणि अंतिम फेरीत आर्थर रिंडरनेश या आपल्याच भावंडांच्या नात्यातील खेळाडूवर मात करून विजेतेपद पटकावले. मास्टर्स दर्जाची स्पर्धा जिंकणारा तो सर्वांत खालच्या क्रमांकाचा खेळाडू ठरला. त्याच्या त्या आठवड्यातील खेळाची क्रमवारीला कल्पनाच नव्हती.

एका गुणाची किंमत

फॉर्म मोजताना जिंकलेल्या गुणांची संख्या पाहावी, असे वरकरणी वाटते. परंतु टेनिसची गुणपद्धती तशी सरळ नाही. इथे सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात.

८ जून २०२५ रोजी रोलँ गॅरोसवर सिनर आणि स्पेनचा कार्लोस अल्कराझ यांच्यात झालेली अंतिम लढत ५ तास २९ मिनिटे चालली. फ्रेंच ओपनच्या इतिहासातील ही सर्वाधिक लांबलेली अंतिम फेरी. भारतात संध्याकाळी सुरू झालेला हा सामना मध्यरात्रीपर्यंत रंगला आणि टीव्हीसमोरून उठण्याचे धाडस कोणाला झाले नाही. त्या अंतिम फेरीपर्यंत सिनरने स्पर्धेत एकही सेट गमावला नव्हता. चौथ्या सेटमध्ये तो ५-३ असा पुढे होता आणि अल्कराझच्या सर्व्हिसवर गुणफलक होता ०-४०. विजेतेपदाचे तीन गुण त्याच्या हातात होते. अल्कराझने ते तिन्ही वाचवले, सेट टायब्रेकरवर घेतला आणि निर्णायक सेटचा टायब्रेकर १०-२ असा जिंकून चषक उंचावला. संपूर्ण सामन्यात सिनरने १९३ गुण मिळवले होते, तर अल्कराझने १९२. अधिक गुण मिळवणारा हरला होता.

२०१९ च्या विम्बल्डन अंतिम फेरीतही हेच घडले होते. रॉजर फेडररने जोकोविचपेक्षा १४ गुण अधिक मिळवले, विजेतेपदाचे दोन गुणही त्याच्या रॅकेटवर आले, तरी चषक जोकोविचकडे गेला. अशा वेळी पराभूत खेळाडूचा फॉर्म बिघडला होता, असे कसे म्हणावे? त्याचे फटके चोख होते. फक्त सर्वांत महागड्या दोन-तीन गुणांवर समोरचा खेळाडू अधिक धीट ठरला.

पृष्ठभाग, शरीर आणि नशीब

क्ले कोर्टवर चेंडू मंदावतो, उसळी उंच घेतो आणि रॅली लांबतात. हिरवळीवर तो खाली राहतो आणि सरपटत येतो. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन यांच्यात अवघे तीन आठवडे मिळतात. त्यामुळे पॅरिसमधील फॉर्म लंडनला जसाच्या तसा नेता येत नाही. २०२५ मध्ये अल्कराझने पॅरिसपाठोपाठ हिरवळीवरील क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकली. सिनर मात्र हाले येथे अलेक्झांडर बुब्लिककडून दुसऱ्याच फेरीत हरला. फॉर्मचा कौल उघडच अल्कराझच्या बाजूने होता. परंतु विम्बल्डनच्या अंतिम फेरीत सिनरने पहिला सेट गमावूनही ४-६, ६-४, ६-४, ६-४ अशी बाजी मारली आणि अल्कराझची सलग २४ विजयांची मालिका खंडित केली. पॅरिसची जखम अवघी पाच आठवड्यांची होती.

या विजयाला नशिबाचीही किनार आहे. चौथ्या फेरीत बल्गेरियाचा ग्रिगोर दिमित्रोव्ह सिनरविरुद्ध दोन सेटनी पुढे असताना छातीच्या स्नायूच्या दुखापतीने कोसळला आणि त्याला सामना सोडावा लागला. तो उभा राहिला असता, तर फॉर्मविषयीचे सगळे विश्लेषण वेगळे झाले असते.

शरीराचा हिशेब जोकोविचइतका काटेकोर कोणी ठेवला नसेल. वयाच्या ३८ व्या वर्षी, २०२५ मध्ये, तो चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांच्या उपांत्य फेरीत पोहोचला. मेलबर्नला त्याने अल्कराझला हरवले, पण झ्वेरेव्हविरुद्ध एका सेटनंतर दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली. पॅरिस व विम्बल्डनमध्ये सिनरने, तर न्यूयॉर्कमध्ये अल्कराझने त्याला रोखले. पाच सेटच्या सामन्यांच्या दुसऱ्या आठवड्यात तरुण पायांशी स्पर्धा करणे अनुभवालाही जड जाते.

सत्तावन्न मिनिटांनंतर

मात्र फॉर्मची खरी कसोटी विजयात नव्हे, तर पराभवानंतर लागते. अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोवाने मानसिक स्वास्थ्यासाठी २०२३ मध्ये काही महिने टेनिसपासून दूर राहणे पसंत केले होते. २०२४ मध्ये विम्बल्डनची पात्रता फेरीही तिला पार करता आली नाही. २०२५ मध्ये ती तिथेच अंतिम फेरीत पोहोचली आणि पोलंडच्या इगा श्वियाँतेककडून ०-६, ०-६ अशी हरली. सामना ५७ मिनिटांत संपला. विम्बल्डनच्या महिला अंतिम फेरीत असा निकाल १९११ नंतर प्रथमच लागला होता.

श्वियाँतेकचीही कहाणी लक्षात घ्यावी. त्या स्पर्धेत तिला आठवे मानांकन होते. वर्षभराहून अधिक काळ तिला एकही विजेतेपद मिळाले नव्हते आणि हिरवळ हा तिचा पृष्ठभाग नव्हे, यावर जवळपास एकमत होते.

पुढे आठ आठवड्यांच्या आत अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच दोघी समोरासमोर आल्या. अनिसिमोवाने आदल्या रात्री तो वेदनादायी अंतिम सामना पुन्हा पाहिल्याचे नंतर सांगितले. या वेळी ती ६-४, ६-३ अशी जिंकली. अंतिम फेरीत सबालेन्काने तिला हरवले, हा भाग वेगळा. पण ५७ मिनिटांत संपलेली खेळाडू, ही ओळख तिने पुसून टाकली होती.

सिनरनेही हेच केले. अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत अल्कराझकडून हरल्यावर आपला खेळ प्रतिस्पर्ध्याला आधीच ओळखता येतो, याची त्याने जाहीर कबुली दिली. त्यानंतर त्याने बीजिंग, व्हिएन्ना, पॅरिस आणि तुरिन या चार स्पर्धा जिंकल्या. तुरिनच्या अंतिम फेरीत तर अल्कराझलाच ७-६, ७-५ असे नमवले. वर्षअखेरचे अव्वल स्थान मात्र अल्कराझकडे राहिले. मोसमाचा शेवट एकाने गाजवला आणि वर्ष दुसऱ्याच्या नावावर लागले. क्रमवारी आणि फॉर्म यांतील भेद याहून स्पष्ट कसा होणार?

तेव्हा पुढील स्पर्धेची सोडत हाती येईल, तेव्हा मानांकनाच्या आकड्याबरोबर आणखी चार गोष्टी पाहाव्यात: पृष्ठभाग कोणता, आधीच्या पंधरवड्यात खेळाडू किती तास कोर्टवर होता, ब्रेकपॉइंटवर तो कसा खेळतो आणि शेवटचा मोठा पराभव त्याने कसा पचवला. भाकिते तरीही चुकतील, पण ती का चुकली हे समजेल.

ग्रँडस्लॅम विजेते

पुरुष एकेरी, २०२४
ऑस्ट्रेलियन ओपन: यानिक सिनर
फ्रेंच ओपन: कार्लोस अल्कराझ
विम्बल्डन: कार्लोस अल्कराझ
अमेरिकन ओपन: यानिक सिनर

पुरुष एकेरी, २०२५
ऑस्ट्रेलियन ओपन: यानिक सिनर
फ्रेंच ओपन: कार्लोस अल्कराझ
विम्बल्डन: यानिक सिनर
अमेरिकन ओपन: कार्लोस अल्कराझ

महिला एकेरी, २०२५
ऑस्ट्रेलियन ओपन: मॅडिसन कीज
फ्रेंच ओपन: कोको गॉफ
विम्बल्डन: इगा श्वियाँतेक
अमेरिकन ओपन: अरिना सबालेन्का