प्रसन्नकुमार टागोर यांचें मृत्युपत्र व वगळलेला पुत्र

वाटणीपत्रें, दानपत्रें व फारकती यांच्या मानानें मृत्युपत्र हा कागद आपल्या दप्तरांत अर्वाचीन होय. धर्मशास्त्रांत दायविभागाचें व दानाचें प्रकरण आहे, मृत्युपत्राचें नाहीं. पुत्रास वारशांतून वगळण्याचे प्रसंग मात्र शास्त्रानें सांगितले असून, पतिताचा भाग बुडतो हा त्यांपैकीं एक. हा नियम कायद्यानें रद्द झाल्यावर एका पित्यानें मृत्युपत्राचा आश्रय केला, आणि तेथें शास्त्रच त्यास आडवें आलें. तो वृत्तांत येथें थोडक्यांत देत आहों.

(१) कलकत्त्याच्या टागोर घराण्यांतील प्रसन्नकुमार (१८०१–१८६८) हे सदर दिवाणी अदालतींत सरकारी वकील होते. वाचस्पतिमिश्रांच्या विवादचिंतामणीचें इंग्रजी भाषांतरहि त्यांनीं केलें होतें. म्हणजे शास्त्र व कायदा दोन्ही त्यांस अवगत होतीं. त्यांचे एकुलते एक पुत्र ज्ञानेंद्रमोहन यांनीं १८५१ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला व रेव्हरंड कृष्णमोहन बॅनर्जी यांच्या कन्येशीं विवाह केला. पुढें १८६२ सालीं ते विलायतेंत बॅरिस्टर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

धर्मांतरामुळें वा जातिबहिष्कारामुळें कोणाचाहि वारसाहक्क बुडूं नये, असें १८५० च्या २१ व्या कायद्यानें ठरविलें होतें. तेव्हां प्रसन्नकुमार स्वस्थ राहते, तर सर्व मिळकत ज्ञानेंद्रमोहनांकडेच जाती. परंतु बंगाल्यांत जीमूतवाहनाचा दायभाग चाले. त्याप्रमाणें पिता जिवंत असतां पुत्रास वडिलार्जित मिळकतींतहि हक्क नसतो. मिताक्षरेनें पुत्रास तो जन्मतःच दिला असल्यामुळें महाराष्ट्रांतील पित्यास वडिलार्जित मिळकतीपुरता हा मार्ग त्या काळीं मोकळा नव्हता.

(२) मृत्युपत्राची तारीख १० ऑक्टोबर १८६२ ही आहे. त्यांत पुत्रास वगळून पुतणे यतींद्रमोहन यांस मिळकतीचा तहहयात उपभोग दिला. त्यांच्या पश्चात् त्यांचा वडील मुलगा, मग त्याचा वडील मुलगा, अशी इंग्रज सरदारांच्या घराण्यांत असते तशी पुरुषपरंपरा लावून दिली. कलकत्ता विश्वविद्यालयांतील टागोर कायदा व्याख्यानमाला याच मृत्युपत्रांतील देणगीची होय.

(३) ज्ञानेंद्रमोहनांनीं कलकत्ता हायकोर्टांत दावा लाविला. तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८७२ सालीं निकाल झाला. निवाड्याचा मथितार्थ असा: हिंदूस मृत्युपत्र करतां येतें, परंतु तें दानासारखेंच असल्यामुळें, देणारा मरतेवेळीं घेणारा अस्तित्वांत पाहिजे. न जन्मलेल्यास दिलेलें दान व्यर्थ. शास्त्रास अज्ञात असा नवा वारसाक्रमहि कोणास निर्माण करतां येत नाहीं. सबब यतींद्रमोहनांचा तहहयात हक्क तेवढा खरा. त्यापुढील मिळकत दिलीच गेली नाहीं, म्हणून ती वारसाची. ‘अमक्यास देऊं नये’ एवढ्या नकारानें वारस दूर होत नाहीं. ती वस्तु दुसऱ्या कोणास तरी विधिवत् द्यावीच लागते.

अशा रीतीनें शास्त्रोक्त दंडांतून इंग्रजी कायद्यानें सोडविलेल्या पुत्राचा हक्क, इंग्रजी धर्तीच्या मृत्युपत्रापासून शास्त्रोक्त दानविधीनें राखिला. हक्क राहिला, पण भोग लाभला नाहीं. यतींद्रमोहन १९०८ पर्यंत जगले. ज्ञानेंद्रमोहन १८९० सालींच वारले होते.

अजातास दान देण्याचा निर्बंध १९१६ च्या कायद्यानें कांहीं मर्यादेंत सैल झाला. मिताक्षरा कुटुंबांतील आपल्या हिश्शाचें मृत्युपत्र करण्याची मोकळीक १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मिळाली. तथापि त्यापूर्वींचे कागद त्या वेळच्या नियमांनींच लाविले पाहिजेत. मृत्युपत्रांत पुत्रास कांहीं नाहीं असें आढळल्यास, तेवढ्यावरून तो निर्वारस झाला असें संग्राहकांनीं टिपून ठेवूं नये. तें कोणास दिलें, तो घेणारा त्या वेळीं जन्मला होता कीं नाहीं, आणि देणारास देण्याचा अधिकार होता कीं नाहीं, हीं तीन कलमें आधीं तपासावीं.