गुराबेची नाळ

मराठा आरमारातील गुराब ही मोठी लढाऊ नौका इंग्रजांच्या डोळ्यांत भरली ती तिच्या नाळेमुळे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकामुळे. अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनानुसार तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, तर दोन डोलकाठ्यांची 150 टनांपर्यंतची असे. ती उथळ पाण्यात चाले, लांबीच्या मानाने बरीच रुंद असे, आणि पुढे युरोपीय जहाजासारखी फुगीर छाती नसून भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी, म्हणजे वल्ह्यांवर चालणाऱ्या लांबट युद्धनौकेसारखी, पुढे झेपावणारी चोच असे. या चोचीवर मुख्य डेकच्याच पातळीत भक्कम फळ्या जडवलेल्या असत, परंतु तिला कठडा नसे, कारण समोरच्या लाटांत अशी नौका फार आपटे आणि वर चढलेले पाणी विनाअडथळा वाहून जाणे आवश्यक असे. चोचीच्या मागे एक आडवी लाकडी भिंत उभी असे, आणि तिच्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा चोचीवरून थेट समोर मारा करीत.

ऑर्मने गॅलीचे नाव घेतले आणि गुराबेचे माहेर भूमध्य समुद्रात ठरून गेले. नावही त्याच बाजूने साक्ष देते, कारण अरबीत ‘घुराब’ म्हणजे डोमकावळा, आणि वल्ह्यांच्या युद्धनौकेलाही अरब हेच नाव देत. 1342 च्या सुमारास गुजरातच्या गंधार बंदरातून निघालेल्या इब्न बतूताला ताफ्यातील साठ वल्ह्यांची एक नौका घुराबेसारखी, मात्र अधिक रुंद वाटली. पोर्तुगीज येण्याच्या दीडशे वर्षे आधीच्या या नोंदीवर बराच भार टाकावासा वाटतो. परंतु तुलना करणारा मोरोक्कोचा होता, त्याने आपल्याकडचा शब्द परक्या नौकेला लावला, आणि नाळेविषयी तो काहीच सांगत नाही.

गॅली प्रत्यक्ष पाहण्याची संधी मात्र कोकणच्या सुतारांना नक्कीच मिळाली होती. 1508 मध्ये चौलपाशी पोर्तुगीजांशी लढलेल्या मिसरी आरमारात गॅली होत्या, आणि हे चौल मराठा आरमाराचे प्रमुख असलेल्या आंग्र्यांच्या कुलाब्याहून फार दूर नाही. तरीही अडचण उरते. गॅलीच्या दोन्ही बाजू वल्ह्यांनी व्यापलेल्या असल्यामुळे तिच्या मोठ्या तोफा नाळेवर उघड्या मांडाव्या लागत, आणि त्यांच्यावर सैनिकांसाठी एक उंच माची उभारली जाई. गुराबेला ही माची नाही. तिच्या तोफा भिंतीआड आहेत, आणि बाजूंनाही सहा ते नऊ पौंडी तोफा आहेत.

उघडी चोच, वाहून जाणारे पाणी आणि मागे सपाट आडवी भिंत ही नेमकी जुळणी दुसऱ्याच एका जहाजावर सापडते, ते म्हणजे गोव्याला वर्षानुवर्षे येत राहिलेले पोर्तुगीजांचे गॅलिऑन. गॅलिऑनची चोचही मुळात गॅलीकडूनच उसनी घेतलेली मानली जाते. तिच्यावर जाळीदार फळ्या असत, खलाशांचे शौचकूपही तिथेच असत, आणि मागच्या भिंतीत कधीकधी तोफांचे झरोकेही असत. ही भिंत पातळ असे. 1805 मध्ये ट्राफल्गार येथे ब्रिटिश जहाजे शत्रूच्या रांगेवर नाक पुढे करून चालून गेली तेव्हा या उणिवेची किंमत दिसली, आणि पुढच्या दशकात रॉबर्ट सेपिंग्ज याने भिंत काढून नाळ वरपर्यंत भरीव व गोल केली. युरोपात बाजूने बाजूला भिडण्याची रीत असल्याने समोरची भिंत हा दुबळेपणा ठरला, तर गुराब सावजाच्या पिछाडीवर, म्हणजे जिथे त्याच्या तोफा कमी असत तिथे, नाळ रोखून येई. म्हणून तीच भिंत तिच्या हल्ल्याचे मुख्य साधन झाली.

गुराबेची चोच आणि भिंत गॅलिऑनवरून आली असे म्हटले, तर गॅलिऑनची चोच जाळीची आणि गुराबेची भरीव, हा आक्षेप घेता येईल. परंतु चोचीवरून तोफा डागायच्या आणि शत्रूच्या जहाजावर उडी घेणारी माणसे त्याच चोचीवरून धावायची असतील, तर कोणत्याही सुताराने जाळीऐवजी फळ्याच ठोकल्या असत्या. देवाणघेवाणीचा पुरावाही आहे: 1659 मध्ये कल्याण-भिवंडीकडे शिवाजी महाराजांच्या नौका बांधण्यावर रुय लैतांव व्हियेगश या पोर्तुगीजाची देखरेख होती. त्या नौका लहान होत्या, गुराबा नव्हत्या, हे खरे. पण सुताराच्या हातातली विद्या नौकेच्या आकारावर अडत नाही.

उरते ती चोचीची झेप, आणि तिच्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांचे पठाण, म्हणजे तळाचे मुख्य लाकूड, डेकपेक्षा बरेच आखूड असते आणि नाळ तिरकी पुढे जाते, त्यामुळे खाडीच्या वाळूवर नौका सहज चढते. गुराबेत ही देशी झेप आणि परकी भिंत एकत्र आली असावी. 1756 मध्ये विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पुढच्या काळात याच किनाऱ्यावरील फत्तेमारी या व्यापारी शिडाच्या नौकेने तिरकी नाळ जशीच्या तशी ठेवली, पण तोफांचे झरोके असलेल्या आडव्या भिंतीची तिला कधी गरज पडली नाही.